आयर्विनची पातळी आणि पांढरा पडदा

गेल्या एप्रिलमध्ये एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासायला एक्स्टर्नल म्हणून गेलो होतो. एका गटानं कृष्णेच्या पुराचा विषय घेतला होता. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती, कोयना धरणातून विसर्ग किती, कुठल्या भागात पाणी शिरायला अजून किती फूट बाकी. विषय ऐकूनच मी सरसावून बसलो. लॅपटॉपवर सगळं देखणं दिसत होतं: हलणारी निळी लाट, फिरणारा काटा, रंगीत नकाशा. मी म्हटलं, हेच माझ्या फोनवर उघडा. फोन पाच वर्षांचा जुना, त्या मजल्यावर रेंज जेमतेम. पडदा पांढरा झाला. मग मधोमध एक गोल फिरायला लागला आणि आम्ही सगळे त्या गोलाकडे बघत बसलो. गटातली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, वायफायवर घ्या, येईल."

वायफायवर आलंही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हरभट रोड आणि मारुती चौक पाण्याखाली गेले, तेव्हा सांगलीत कुणाच्या घरी वायफाय चालू होतं? वीज नव्हती. फोनची बॅटरी जपून वापरायची होती. आणि माणसाला हवा होता एकच आकडा.

त्या दिवशी तपासलेल्या प्रकल्पांपैकी एक सोडून सगळे रिअॅक्ट या जावास्क्रिप्टच्या साधनात बांधलेले होते. पुराचा प्रकल्प रिअॅक्टमध्ये, द्राक्षबागेच्या फवारणीचं वेळापत्रक रिअॅक्टमध्ये, पतसंस्थेचा हप्ता मोजायचं पानही रिअॅक्टमध्ये. एकाही गटाला मी "हेच का घेतलं?" असं विचारल्यावर विषयाशी संबंध असलेलं उत्तर देता आलं नाही. "सर, सगळे हेच वापरतात." वेबची दर्शनी बाजू बांधण्याच्या कलेची आपल्या भागातली आजची अवस्था या एका वाक्यात आहे, आणि तिच्याबद्दल गप्प बसणं मला शक्य नाही.

रिअॅक्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. २०१३ च्या मे महिन्यात फेसबुकनं ते सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा जेक्वेरीत हात काळे केलेल्या आमच्यासारख्यांना श्वास घेतल्यासारखं वाटलं होतं. पडद्यावरचा एक आकडा बदलला की दुसऱ्या पाच ठिकाणी तो आपण होऊन बदलावा, ही त्या काळची खरी डोकेदुखी होती. तिथल्या जॉर्डन वॉकच्या कल्पनेनं ती सोडवली: माहितीची स्थिती सांगा, पडदा त्यातून आपोआप काढला जाईल. पान म्हणजे छोट्या छोट्या घटकांची मांडणी, हा विचार त्यानं रुजवला आणि आज तो सगळ्यांनी घेतला आहे. पण हे उत्तर कुणाच्या प्रश्नाचं होतं? एकाच पडद्यावर गप्पा, सूचना, फोटो, प्रतिक्रिया एकाच वेळी हलत असलेल्या कंपनीच्या प्रश्नाचं. हळदीच्या सौद्याचे दर दिवसातून मोजक्या वेळा बदलतात. सातबारा तर महिनोन्महिने बदलत नाही.

रिअॅक्टला पर्याय आहेत. अँग्युलर मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या इमारतींसाठी आहे. २०१६ मध्ये त्यानं स्वतःच्याच जुन्या आवृत्तीशी नातं तोडलं तेव्हापासून लहान कामासाठी मी त्याचं नाव घेत नाही. व्ह्यू गोड आहे, शिकायला सोपा आहे, लॅराव्हेलवर दुकानांची, संस्थांची कामं करणाऱ्यांना तो मानवतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही आणि उत्साहही नाही. सॉलिड हुशार आहे, पण तो रिअॅक्टच्याच प्रश्नाचं जास्त चांगलं उत्तर देतो, प्रश्न बदलत नाही.

स्वेल्टपाशी मात्र थांबायला हवं. तो बनवणारा रिच हॅरिस बातमीच्या धंद्यातला माणूस. लंडनच्या गार्डियनसाठी आणि नंतर न्यूयॉर्क टाइम्ससाठी आलेख, नकाशे, आकडेवारीची पानं त्यानं केली. वाचक पान उघडतो आणि नाही दिसलं तर निघून जातो, हे वर्तमानपत्रात काम केलेल्याला शिकवावं लागत नाही. म्हणून २०१६ मध्ये आलेल्या स्वेल्टनं काम वाचकाच्या फोनवर करण्याऐवजी बनवणाऱ्याच्या यंत्रावर आधीच उरकून घेतलं. वाचकाकडे जातं ते फक्त त्या पानाला लागणारं. स्वेल्ट ३ मध्ये हा साधेपणा इतका नितळ होता की कोड वाचताना एचटीएमएलच वाचतोय असं वाटायचं. २०२४ च्या पाचव्या आवृत्तीत रून्स नावाची नवी लेखनपद्धत आली आणि तो नितळपणा थोडा गढूळ झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही मोठा नकाशा, हलता आलेख असं खरोखर हलणारं काही बनवायचं असेल तर मी मुलांना आधी स्वेल्टकडे पाठवतो.

पण ज्या प्रवाहानं मला गेल्या काही वर्षांत खरी उमेद दिली, तो वेगळाच आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या विद्यापीठात शिकवणारा कार्सन ग्रॉस. रिअॅक्ट बाहेर आलं त्याच २०१३ मध्ये त्यानं इंटरकूलर नावाचं एक लहानसं साधन काढलं होतं आणि २०२० मध्ये त्यातूनच एचटीएमएक्स आलं. कल्पना जुनीच आहे. बटण दाबलं की ब्राउझरनं सर्व्हरला विचारायचं आणि सर्व्हरनं तयार एचटीएमएलचा तुकडा पाठवायचा. तो तुकडा पानात जागेवर बसतो. झालं. माहितीची स्थिती सर्व्हरवरच राहते. फोनवर तिची दुसरी प्रत ठेवायची नाही, ती जुळवत बसायचं नाही.

पुराच्या प्रकल्पाचंच घ्या. सर्व्हरवर एक पान: "आयर्विन पूल, सकाळी ८ वाजता, ३८ फूट." त्याखाली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या आकड्याच्या खोक्याला एक ओळ जोडायची की दर दहा मिनिटांनी सर्व्हरकडून नवा आकडा आण. जावास्क्रिप्ट चाललं नाही, अर्धवट उतरलं, रेंज मध्येच गेली, तरी पहिला आकडा पडद्यावर आलेला असतो, कारण तो पानातच लिहिलेला आहे. एचटीएमएक्स दाबून पाठवलं तर १५ किलोबाइटच्या आसपास भरतं. रिअॅक्टचा गाभा ४० च्या वर जातो, आणि त्यात अजून तुमची स्वतःची एक ओळही आलेली नसते. वर हा भार फोटोच्या भारासारखा नाही. फोटो उतरला की दिसतो. जावास्क्रिप्ट उतरल्यावर फोनला ते वाचावं लागतं, समजून घ्यावं लागतं, चालवावं लागतं. लॅपटॉपला ते जाणवत नाही. सात-आठ हजारांच्या फोनला जाणवतं.

रिअॅक्टवाल्यांचं उत्तर मला माहीत आहे: आम्हीही आता सर्व्हरवरूनच पान पाठवतो, रिअॅक्टवरच उभं असलेलं नेक्स्ट वापरा. पाठवता, पण कसं? आधी एचटीएमएल पाठवता. मग तोच मजकूर पुन्हा माहिती म्हणून पाठवता. मग फोनवर सगळं पुन्हा जुळवून बघता, आणि त्याला हायड्रेशन म्हणता. मराठीत याची किंमत जास्त पडते. 'सांगली' हा शब्द साठवायला १८ बाइट लागतात, तोच रोमन लिपीत ६. दाबून पाठवताना त्यातलं बरंच वाचतं, पण उघडल्यावर फोनला दोन्ही प्रती वाचाव्याच लागतात. आणि जुळवणी चुकते ती नेमकी आपल्या ठिकाणी. सर्व्हरची भाषा इंग्रजी ठेवलेली, वाचकाच्या फोनची मराठी. सर्व्हरनं हळदीचा दर इंग्रजी आकड्यांत लिहून पाठवला. फोननं तोच दर मराठी ठरवून देवनागरी आकड्यांत काढला. दोन्ही बरोबर, पण जुळत नाहीत, म्हणून पडदा क्षणभर थरथरतो आणि कोडमध्ये लाल अक्षरांत चूक येते. यात माझे दोन दिवस गेले आहेत. भाषेची एक ओळ लिहून हे सुटतं, हे खरं. पण मुळात एकच आकडा दोनदा काढायचा कशाला?

आणखी एक गोष्ट जवळून दाखवतो. मुलं प्रकल्प सुरू करताना तयार साचा घेतात. त्या साच्यात पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली असते आणि ती तशीच राहते. पान मराठी, पण ब्राउझरला सांगितलंय की हे इंग्रजी आहे. मग दृष्टिहीन माणसासाठी पान वाचून दाखवणाऱ्या यंत्राला कुठला आवाज लावायचा हे कळत नाही. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तो फाँट हिंदी वळणाचे दाखवतो. दोन अक्षरांची दुरुस्ती आहे. मी गेल्या खेपेला तपासलेल्या मराठी पानांपैकी एकाही पानात ती केलेली नव्हती. कारण ती ओळ ज्या फाइलमध्ये असते, ती उघडायची वेळच येत नाही. घटक लिहायचे, घटक आयात करायचे. पान म्हणजे काय ते बघायचं नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना मी पुष्कळदा बघितलं आहे. घोडीचा माथा कानसानं थोडा घासायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचा. तारेखाली दोरा सरकवायचा. भोपळा आणि लाकूड मागच्या पिढीनं आणलं तसंच, पण वाद्य बोलायला लागतं ते या घासण्यानं. वेबची घोडी म्हणजे एचटीएमएल. तिथे कान न लावता वर कितीही नक्षीकाम केलं तरी वाद्य बोलणार नाही. आमची पोरं आज नक्षीकाम शिकून बाहेर पडतायत, घोडीला हात न लावता.

यावर प्राध्यापक मंडळी एकच प्रश्न विचारतात: नोकरीचं काय? हिंजवडीत मुलाखतीला रिअॅक्टच विचारतात. प्रश्न खरा आहे. माण-खटावचा, जतचा मुलगा घरच्या कर्जावर शिकत असेल तर त्याला नोकरी लागलीच पाहिजे, आणि मीही त्याला रिअॅक्ट शिकवीन. पण कधी? ब्राउझर काय करतो हे ज्याला कळलं, तो रिअॅक्ट महिन्याभरात उचलतो. उलटा प्रवास केलेला मला अजून कुणी भेटलेला नाही. आणि तुम्ही जे रिअॅक्ट शिकवता ते तरी टिकतं का? २०१९ मध्ये घटक लिहायची हुक्स ही नवी पद्धत आली आणि त्याआधी शिकवलेली क्लासची पद्धत मागे पडली. प्रयोगवहीचं पहिलं पान ज्या क्रिएट रिअॅक्ट अॅपनं सुरू व्हायचं, ते २०२५ च्या फेब्रुवारीत निवृत्त झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिअॅक्टच्या सर्व्हर-घटकांत सापडलेल्या भगदाडाला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले. याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. १९९१ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये जगातली पहिली वेबसाइट सुरू झाली, तिचं पान आजच्या फोनवरही उघडतं.

हा वाद आवडीनिवडीचा नाही. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि खाली सांगलीकडे येतं. वर पाटण, जावळीच्या खोऱ्यात पाऊस कोसळत असतो तेव्हा तिथे रेंज नसते. खाली पलूस, मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत जनावरं हलवायची की नाही, हे कुणीतरी फोनमधला आकडा बघून ठरवत असतं. त्या माणसाला पांढरा पडदा दाखवणारं पान हे वाईट पान आहे. त्याचा कोड कितीही नीटनेटका असो, त्याच्या बाजूनं कितीही मोठी कंपनी उभी असो. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी हा माणूस डोळ्यांसमोर ठेवून पहिलं सत्र साध्या एचटीएमएलचं आणि सर्व्हरचं करावं, फ्रेमवर्क तिसऱ्या वर्षाच्या आधी आणू नये. प्रकल्पाला गुण देताना परीक्षकानं लॅपटॉप मिटायला सांगावा.

आणि सांगलीच्या वालचंदमध्ये, साखराळ्याच्या आरआयटीत, कराडच्या शासकीय महाविद्यालयात, साताऱ्यात, जिथे कुठे तुम्ही शिकत असाल, तुम्हाला माझी विनंती आहे. जूनच्या आत एक पान बनवा. त्यावर आयर्विनची पातळी, मोजल्याची वेळ आणि कोयनेचा विसर्ग, एवढंच लिहा. मग घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, आजीच्या हातात द्या आणि आकडा दिसायला किती सेकंद लागले ते मोजा.