'शॉर्ट' म्हणे, पण 'इंट' : डीबगरमधील जुनी ठिगळे

पोथीच्या लेखनिकाची खोड ठाऊक असली, की संपादक तिचा हिशेब धरूनच पाठ लावतो. संगणकात हे काम डीबगरकडे येते. कंपायलर प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि कोणती किंमत कुठे ठेवली, याची नोंद सोबत देतो. चूक शोधताना डीबगर ती नोंद वाचतो. नोंदच फसवी असली, तर डीबगरच्या सोर्स कोडमध्ये त्या कंपायलरपुरते ठिगळ लावले जाते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 मध्ये लिहायला घेतलेल्या जीडीबीत अशी ठिगळे बरीच. 'स्टॅब्ज' या जुन्या नोंदपद्धतीसाठी लिहिलेल्या भागातल्या दोन टिपा मला विशेष वाचनीय वाटतात. पहिलीचा आशय असा : पीसीसी एखाद्या पॅरामीटरला 'शॉर्ट' म्हणत असेल, तर तो खरोखर 'इंट' असतो. दुसरीचा : मजकूर जीसीसीचा असेल आणि तो 'शॉर्ट' म्हणत असेल, तर विश्वास ठेवा. दोन साक्षीदारांची पत दोन ओळींत!

पीसीसी म्हणजे बेल लॅब्जमधील स्टीफन जॉन्सन यांचा कंपायलर. जुन्या सी भाषेत फंक्शनला दिलेला लहान पूर्णांक रुंद होऊन जाई. दोन बाइट्सचा चार होई. थोर बाइट आधी ठेवणाऱ्या यंत्रावर 5 हा आकडा 0, 0, 0, 5 असा पडतो. नोंदीवर विसंबून पहिले दोनच बाइट्स वाचले, तर उत्तर येते 0. बिचारा प्रोग्रॅमर मग स्वतःच्या कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसणार. जीसीसीची ओळख पटावी म्हणून त्याचा कंपायलर फाइलीत 'जीसीसी2_कंपाइल्ड.' अशी स्वतःची मोहोर सोडत असे.

आता हे सारे काढावे काय? 2023 च्या 13व्या आवृत्तीत जीसीसीने स्टॅब्ज लिहिणे बंद केले. पण 'कंपायलर वापरात नाही' हे कारण मला अपुरे वाटते. डीबगर वाचतो ते तयार प्रोग्रॅम, आणि ते कंपायलरपेक्षा जास्त जगू शकतात. खरे कारण वेगळे आहे. भोवतीचा कोड सतत बदलतो, आणि पडताळायला जुने यंत्र हाताशी नसलेल्या माणसाला ते ठिगळ नव्या रचनेत बसवावे लागते. ते अजून चालते, असे छातीठोकपणे कोण सांगणार? न तपासलेल्या उत्तरापेक्षा 'मला हे वाचता येत नाही' असे डीबगरने सांगणे बरे.

सगळी ठिगळे मात्र एका मापाची नाहीत. ज्या रचनेचे फक्त नाव ठाऊक आहे, तिच्यावर इंटेलचा आयसीसी 14व्या आवृत्तीपूर्वी तशी खूण करत नसे. आकार शून्य लिहून मोकळा होई. जीडीबीतील ठिगळात कंपायलर, दोष आणि आवृत्तीची मर्यादा, तिन्ही नोंदलेले आहे. असे ठिगळ कधी काढायचे, हे ठरवता येते. याउलट 'काही कंपायलर असे करतात' एवढेच सांगणाऱ्या टिपा. त्या ठेवणाराही अंधारात, काढणाराही.

पुसलेल्या ओळी गिटच्या इतिहासात राहतात, हे उत्तर अर्धेच आहे. तिथे काही होते हे ठाऊक असल्याशिवाय कुणी शोधायला जात नाही. 'अनावश्यक कोड काढला' एवढ्या नोंदीवरून पीसीसीची खोड कुणाला कळणार? कंपायलरचे नाव, त्याची चूक आणि यापुढे कोणत्या फाइली चुकीच्या वाचल्या जातील, हे काढणाऱ्याने त्या नोंदीतच लिहायला हवे.