विट आणि ह्यूमर

इंग्रजी वाङ्मयाच्या चर्चेंत 'विट' आणि 'ह्यूमर' हे शब्द जोडीनें येतात. मराठींत मात्र दोहोंबद्दल 'विनोद' हा एकच शब्द सरसकट योजिला जातो. हा केवळ कोशकाराचा प्रश्न असता तर त्याची एवढी मातब्बरी नव्हती. पण शब्द एक असल्यामुळें मापही एकच लावलें जातें, आणि त्यांत लेखकांवर अन्याय होतो.

या शब्दांचीं कुळें पाहिलीं म्हणजे भेद उमगूं लागतो. 'विट' हा मूळचा बुद्धिवाचक शब्द. 'जाणणें' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूशीं त्याचें नातें असून आपल्या 'विद्' धातूचा तो दूरचा सोयरा आहे. 'ह्यूमर'चा लॅटिनमधील मूळ अर्थ ओलावा. जुन्या युरोपीय वैद्यकांत रक्त, कफ, पित्त व कृष्णपित्त असे चार शरीररस मानीत. ज्या रसाचा जोर अधिक, तशी माणसाची प्रकृति. त्यावरून स्वभावाचा विक्षिप्त कल असा अर्थ रूढ झाला. सन १५९८ मध्यें रंगभूमीवर आलेल्या 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर' या बेन जॉन्सनच्या नाटकाच्या नांवांत तोच अर्थ आहे. तात्पर्य, एक शब्द बुद्धीच्या घरचा, तर दुसरा स्वभावाच्या घरचा.

लॉकनें १६९० सालच्या आपल्या ग्रंथांत कल्पनांतील साम्य चटकन् हेरून त्यांची मनोहर जुळणी करणें हें 'विट'चें काम ठरविलें. हॅझलिटच्या १८१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दोहोंची तुलना आहे: हास्यास्पद वस्तु आहे तशी दाखवितो तो 'ह्यूमर', दुसऱ्या वस्तूशीं ताडून तिचें हास्यास्पदत्व उघडें पाडतें तें 'विट'. हें लक्षण मार्मिक असलें तरी आम्हांस अपुरें वाटतें. हंसणाऱ्याचें हास्यविषयाशीं नातें काय, हें त्यांत येत नाहीं. 'विट' हास्यविषयापासून दूर उभें राहून नेम धरतें; 'ह्यूमर' त्याच्या शेजारीं येऊन बसतो. स्टर्नचा अंकल टोबी बागेंत लुटुपुटूचे किल्ले रचतो तेव्हां आपण हंसतों. पण त्या हंसण्यानें त्याच्यावरील लोभ वाढतोच.

आतां मराठीकडे वळूं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे' मधील हास्य मुख्यतः 'विट'च्या जातीचें आहे. रूढीचें समर्थन करण्याचा आव आणून तिचें पितळ उघडें पाडणें, हा त्यांचा हातखंडा. उलट चिंतामण विनायक जोशी यांचा चिमणराव स्वतःचीच फजिती निरागसपणें सांगतो, आणि वाचकाला तींत आपल्याच संसाराची ओळख पटते. चिमणरावाच्या मापानें मोजल्यास कोल्हटकर कोरडे ठरतात, सुदाम्याच्या मापानें मोजल्यास जोशी बाळबोध ठरतात. आणि हे दोन्ही निकाल सारखेच चुकीचे आहेत.

दोहोंमध्यें भिंत आहे असें नव्हे. शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफमध्यें तीं एकत्र नांदतात. पण मिश्रण ओळखण्यासही घटक आधीं निराळे कळावे लागतात. म्हणून 'विनोद' हें व्यापक नांव ठेवून त्याच्या पोटांत 'वाग्वैदग्ध्य' आणि 'स्वभावविनोद' असे दोन भाग मानावे, अशी आमची सूचना आहे. हीं नांवें जड वाटल्यास दुसरीं शोधावीं. भेद मात्र सोडूं नये. वाचक हंसला कीं नाहीं हें सांगणें सोपें आहे. तो कोणावर हंसला आणि कोणासह हंसला, हें सांगणें टीकाकाराचें काम आहे.