ऋषीच्या कुटीत ऋषी नव्हता

थायलंडच्या ईशान्येला, म्हणजे इसान भागात, गाडी घेऊन निवांत फिरलं तर दोन-तीन दिवसांत ख्मेर काळातली बरीच देवळं बघून होतात. नाखोन रात्चासिमाहून फिमाय साधारण 60 किलोमीटर. तिथून खाली बुरीराम प्रांतात फनोम रुंग आणि त्याच्या पायथ्याजवळ मुअंग तम. या वाटेबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात एक शब्दप्रयोग ठरलेला असतो : 'थायलंडमधली आपली प्राचीन हिंदू मंदिरं'. माझं भांडण त्यातल्या 'आपली'शी आहे. प्रवासातला आनंद म्हणून ठीक, पण संशोधनाचा प्रश्न तिथून सुरू केला की घोळ होतो.

फिमायचंच बघा. मुख्य देवळाच्या दक्षिण दारावर नाचणारा शिव आहे, बाहेर रामायणातले प्रसंग आहेत. ओळखीचं दिसलं की आपण खूश. पण आत गाभाऱ्याकडे जाताना दारांवरच्या कोरीव पट्ट्यांवर बुद्ध आहे, त्रैलोक्यविजय आहे. देऊळ महायान बौद्धांचं! यावर 'दोन धर्मांचं सुंदर मिश्रण' असं लिहून लोक पुढे जातात. मला हे उत्तर आळशी वाटतं. देऊळ बांधणाऱ्यांना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतोय असं वाटत होतं का? 'हिंदू की बौद्ध' असे दोनच रकाने आखून बसलात तर हा प्रश्न तुम्हाला विचारताच येणार नाही.

फनोम रुंग विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर आहे. तिथली शेषशायी विष्णूची पट्टी 1960च्या दशकात गायब झाली, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये सापडली आणि 1988 मध्ये परत आली. त्यावर भरपूर लिहून झालंय, मी भर घालत नाही.

मला थांबायचंय ते खाली, मुअंग तमजवळच्या कुटी रुसी खोक मुअंगपाशी. जांभ्याचं लहानसं बांधकाम. (हो, कोकणातला तोच जांभा.) 'कुटी' आणि 'ऋषी' हे शब्द मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नकोत, आणि पंचाईत तिथेच आहे. नाव कळलं म्हणजे वास्तू कळली असं वाटतं. पण इथे कुणी ऋषी राहत नव्हता. हे नाव फार नंतर लोकांनी दिलेलं. सातव्या जयवर्मनने राज्यभर रुग्णालयं काढली होती. 1186च्या ता प्रोम शिलालेखात त्यांची संख्या 102 दिली आहे. त्यांच्या संस्कृत शिलालेखांतला शब्द आहे 'आरोग्यशाला'. कुटी रुसी म्हणजे अशा आरोग्यशालेतलं भैषज्यगुरू बुद्धाचं देऊळ. आराखडा जवळपास सगळीकडे तोच : पूर्वाभिमुख गाभारा, आग्नेयेला एक छोटी इमारत, भोवती भिंत, पूर्वेला दार, बाहेर ईशान्येला तळं.

रुग्ण, वैद्य, औषधं जिथे होती ती लाकडी बांधकामं गेली. दगडाचं देऊळ तेवढं उरलं आणि याद्यांमध्ये 'देऊळ' म्हणून नोंदलं गेलं. म्हणजे दोनदा फसगत : नाव सांगतं आश्रम, अवशेष सांगतात देऊळ, आणि जागा होती दवाखान्याची. शिलालेख नसते तर आपण या भागाच्या धार्मिकतेवर प्रबंध लिहीत बसलो असतो.

'बृहत्तर भारत' ही मांडणी 1920च्या दशकात कलकत्त्यात जोरात होती आणि आपलं प्रवासवर्णन अजून तिथेच अडकलंय. वॉल्टर्स यांनी 1982 मध्ये 'स्थानिकीकरण' ही कल्पना मांडली. ती पुष्कळ बरी, कारण घेणाऱ्यांनी काय निवडलं, कसं बदललं हे ती विचारते. तरी माझी एक कुरकुर आहेच : गोष्ट पुन्हा भारतातून काय आलं इथूनच सुरू होते. आरोग्यशालेचा शब्द संस्कृत आहे, बुद्ध महायानातला आहे, पण एकाच नकाशावर राज्यभर रुग्णालयं उभी करणं हा कारभार अंकोरचा. तो समजायला संस्कृत येणं पुरत नाही, ख्मेर शिलालेखही वाचावे लागतात.

कुणी या वाटेने जाणार असाल तर क्रम उलटा ठेवा. आधी खोक मुअंग, मग फनोम रुंगच्या पायथ्याची कुटी रुसी नोंग बुआ राय. दोन्हींचा आराखडा वहीत काढा आणि ताडून बघा. फिमाय शेवटी. तिथेही गावाच्या दक्षिणेला एक कुटी रुसी आहे, ती चुकवू नका.