दिशेचा मुलूख होतो तेव्हा

इंग्रजीत दिशांची नावं कॅपिटल अक्षराने कधी सुरू करायची, हा नियम शाळेत दोन वाक्यांत शिकवून होतो. गाडी साउथला वळली तर एस स्मॉल; माणूस ‘द साउथ’मधून आला तर एस कॅपिटल. नुसती दिशा असेल तर लहान अक्षर, मुलखाचं नाव असेल तर मोठं. ‘अंधेरी ईस्ट’मधला ई म्हणूनच मोठा. नाव एकदा ठरलं की ते नकाशाचंही ऐकत नाही. आयर्लंड बेटाचं सर्वांत उत्तरेकडचं टोक मॅलिन हेड. ते ‘नॉर्दर्न आयर्लंड’मध्ये नाही, शेजारच्या प्रजासत्ताकातल्या डोनेगॉल परगण्यात आहे.

पण दिशेचा मुलूख होतो म्हणजे माणसांच्या मनात नेमकं काय होतं, हे मला व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘नॉर्थ अँड साउथ’ या कादंबरीने जास्त शिकवलं. 1854 च्या सप्टेंबरपासून ती डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ साप्ताहिकात क्रमशः छापली जात होती. गॅस्केलच्या मनात नायिकेचंच नाव, ‘मार्गारेट हेल’, द्यायचं होतं. आजचं शीर्षक डिकन्सने सुचवलं. इंग्रजी शीर्षकात महत्त्वाचे सगळेच शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात, त्यामुळे मुखपृष्ठावरून हे होकायंत्रावरचे शब्द की मुलखांची नावं, ते कळत नाही. कळतं ते आतल्या पानांत.

मार्गारेटचे वडील धर्मोपदेशकाचं पद सोडतात आणि हॅम्पशरच्या न्यू फॉरेस्टमधलं हेल्स्टन सोडून कुटुंब मिल्टन-नॉर्दर्न या कापडगिरण्यांच्या शहरात येतं. या शहराच्या मागे मँचेस्टर उभं आहे, जिथे गॅस्केलने स्वतः संसार केला. गावाच्या नावातच ‘नॉर्दर्न’ घालून तिने दिशा त्या गावाला कायमची चिकटवून टाकली आहे. उलट हेल्स्टन म्हणजे मार्गारेटच्या लेखी टेनिसनच्या कवितेतलं गाव. दहाव्या प्रकरणात गिरणीमालक थॉर्नटन म्हणतो की तिकडच्या सुस्त सुखापेक्षा इथे झगडून हरणं मला परवडेल. तुम्हाला साउथ ठाऊकच नाही, असं ती सुनावते. तुम्हाला नॉर्थ ठाऊक नाही, असं तो. दोघांच्याही तोंडी ‘द’ आहे आणि मोठं अक्षर आहे. दोघेही जमिनीबद्दल कमी आणि स्वाभिमानाबद्दल जास्त बोलत असतात.

माझ्या मते कादंबरीचा प्राण सदतिसाव्या प्रकरणात आहे. शीर्षक ‘लुकिंग साउथ’, म्हणजे पुन्हा दिशाही आणि मुलूखही. गिरण्यांमधला संप मोडलाय. बाउचर या कामगाराने जीव दिलाय आणि त्याच्या लेकरांचा भार हिगिन्स या दुसऱ्या कामगाराने अंगावर घेतलाय. त्याला कुठली गिरणी उभं करत नाही. मार्गारेटने एके काळी रंगवून सांगितलेलं साउथ त्याच्या लक्षात आहे. तिकडे काम मिळेल का, असं तो तिला विचारतो. आणि जिने त्या मुलखाची इतकी तरफदारी केली, तीच आता त्याला अडवते. आठवड्याला नऊ, फार तर दहा शिलिंग मजुरी. धान्याचा भाव जवळपास इथलाच. ऊन-पाऊस न बघता शेतात राबावं लागेल, या वयात सांधे धरतील. आणि सर्वांत वाईट म्हणजे दिवसभर राबून आलेली माणसं संध्याकाळी एकत्र बसून कशावर बोलत नाहीत. थकव्याने त्यांची डोकी बधिर झालेली असतात. हिगिन्स गप्प होतो आणि मग म्हणतो, नॉर्थ असो की साउथ, प्रत्येकाची आपापली दुखणी आहेत. कादंबरीचं शीर्षक एका बेकार कामगाराच्या तोंडी, त्याच्या गावरान बोलीत येतं, ही गॅस्केलची जागा मला फार मोठी वाटते.

छापील पानावर त्या शब्दांची अक्षरं शेवटपर्यंत कॅपिटलच आहेत. बदलतो तो त्यांच्यामागचा मुलूख. मोठ्या एसच्या आड जे हिरवं चित्र होतं, तिथे आता मजुरीचा आकडा आहे, ओल आहे, सांधेदुखी आहे. पुढे मार्गारेट हेल्स्टनला जाऊन येते तेव्हा तर शेजारणीने अंधश्रद्धेपोटी चोरलेल्या मांजराचे हाल करून त्याला मारल्याची गोष्ट तिच्या कानावर पडते, आणि ती सांगणाऱ्या बाईला शेजारणीने मांजर चोरलं एवढंच खटकत असतं.

आठव्या प्रकरणातला एक तपशील मला या सगळ्याची तयारी वाटतो. नव्याने ओळख झालेल्या हिगिन्सला मार्गारेट नाव-पत्ता विचारते. हेल्स्टनमध्ये हे सौजन्य होतं, इथे तो आगाऊपणा ठरतो. तरी तो सांगतो: नऊ नंबर, फ्रान्सिस स्ट्रीट, गोल्डन ड्रॅगन मागे टाकला की दुसरं डावं वळण. रस्त्याला आणि गुत्त्याला मोठी अक्षरं आहेत. डाव्या वळणाला नाही. होकायंत्रातली एकही दिशा त्या पत्त्यात नाही, आणि मार्गारेट त्या घरापर्यंत बरोबर पोचते.