‘डिबेट’ आणि ‘वाद’ : अर्थ, व्युत्पत्ती व व्यवहार

प्रस्तावना

इंग्रजीतील ‘डिबेट’ या शब्दाला ‘वादविवाद’ हा प्रतिशब्द मराठीत इतका रूढ झाला आहे की, दोहोंचा आशय एकच असल्याचे गृहीत धरले जाते. अनुकूल आणि प्रतिकूल बाजू, परीक्षकांचे गुण व फिरता करंडक ही महाविद्यालयांतील त्याची परिचित चौकट होय. प्रस्तुत लेखात या समीकरणाची चिकित्सा करून ते वर्धा परिसराशी संबंधित दोन ऐतिहासिक प्रसंगांच्या आधारे तपासले आहे.

शब्दांची घडण

‘डिबेट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘बात्तुएरे’ म्हणजे मारणे, ठोकणे हे क्रियापद आहे. ‘बॅटल’ आणि ‘बटालियन’ हे शब्दही त्याच कुळातील होत. ‘वाद’ हा शब्द मात्र ‘वद्’ म्हणजे बोलणे या संस्कृत धातूपासून सिद्ध झाला असून संवाद, अनुवाद व वाद्य हे त्याचे सोयरे आहेत. ‘वि’ हा उपसर्ग लागताच त्याला मतभेदाची व तंट्याची छटा येते. धर्मशास्त्रात ‘विवादपद’ म्हणजे न्यायासनापुढे येणारा तंट्याचा विषय. अर्थात ‘वादविवाद’ या जोडशब्दात दोन भिन्न व्यवहार एकत्र आले आहेत.

आजच्या मराठीत ‘वाद’ स्वतःच विवादाच्या अर्थाने वावरतो. वाद घालणे, वाद मिटवणे, वादग्रस्त, शेताच्या बांधाचा वाद अशा प्रयोगांत बोलण्यापेक्षा भांडणच अधिक आहे. केवळ व्युत्पत्तीवरून शब्दाचा आजचा अर्थ ठरत नाही हे खरे. परंतु अर्थाचा संकोच झाला की त्या शब्दाने दर्शविलेला व्यवहारही विस्मृतीत जातो.

न्यायदर्शनातील भेद

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रमाण व तर्क यांच्या आधारे तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. विजयासाठी छल, जाती, निग्रहस्थान यांचाही आश्रय घेतो तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करते ती वितंडा. मराठीने यांतील ‘वितंडवाद’ टिकवला, ‘जल्प’ जवळजवळ टाकून दिला आणि जल्पाचे काम ‘वाद’ या शब्दाकडे सोपविले. या वर्गीकरणानुसार महाविद्यालयीन स्पर्धा ही बहुतांशी जल्पाच्या जातीची ठरते. तेथे बाजू वाटून दिलेली असते आणि मत बदलणे हा पराभव मानला जातो.

मात्र न्यायसूत्रांनी जल्पाला सर्वथा त्याज्य ठरविलेले नाही. कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण असावे, तसा तत्त्वाच्या रक्षणासाठी त्याचा उपयोग सांगितला आहे. शिवाय वाद कोणाशी करावा हेही सांगितले आहे. शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि असूया न बाळगणारे श्रेयार्थी हे त्याचे अधिकारी होत. म्हणजेच गुरुशिष्यांतील वाद येथे शास्त्रसंमत आहे.

वर्ध्याचा दाखला

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. उत्पादक हस्तोद्योगाभोवती शिक्षणाची रचना करावी आणि त्यातून शिक्षकांच्या वेतनाचा खर्च निघावा, ही मांडणी परिषदेपुढे होती. डॉ. झाकीर हुसेन यांनी स्वावलंबनावर अतिरिक्त भर दिल्यास विद्यार्थ्यांच्या श्रमाचे शोषण होण्याचा धोका दाखविला. प्रा. के. टी. शहा यांनीही आर्थिक बाजूवर आक्षेप घेतले. तरीही अभ्यासक्रम आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद डॉ. झाकीर हुसेन यांच्याकडेच देण्यात आले आणि प्रा. शहा यांचाही तीत समावेश झाला. समितीचा अहवाल २ डिसेंबर १९३७ रोजी सादर झाला. आक्षेपकावरच रचनेची जबाबदारी सोपविणे हे न्यायदर्शनातील ‘वादा’चे लक्षण होय.

वादाची परिणती मतैक्यातच व्हावी असे मात्र नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षीय भाषणातील विचारांमुळे परिषदच रद्द केली. डॉ. आंबेडकरांनी ते भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी वर्ध्याजवळील सेगावात, म्हणजे पुढील सेवाग्रामात, वास्तव्यास आलेल्या गांधीजींनी जुलैमध्ये ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली, पण भाषण नाकारणाऱ्या स्वागत समितीलाही दोष दिला. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत डॉ. आंबेडकरांनी गांधीजींचे लेख आणि त्यांना दिलेले उत्तर एकाच ग्रंथात छापले. मतभेद तसाच राहिला, किंबहुना अधिक स्पष्ट झाला. परंतु दोन्ही पक्ष वाचकापुढे आले. व्यासपीठ नाकारणाऱ्या मंडळाने मात्र वादाची शक्यताच संपविली होती. समान व्यासपीठ ही वादाची पूर्वअट आहे, हे येथे दिसते.

निष्कर्ष

वादविवाद स्पर्धा बंद कराव्यात, असा या विवेचनाचा अर्थ नाही. सभाधीटपणा, वेळेचे भान आणि प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकण्याची सवय त्यांतून लागते. परंतु ते कुंपण आहे, पीक नव्हे. विद्यार्थी विद्यार्थ्याशी करंडकासाठी भिडतो, पण वर्गात प्राध्यापकांच्या प्रतिपादनावर साधार आक्षेप घेण्यास कचरतो, ही स्थिती न्यायसूत्रांच्या अपेक्षेच्या नेमकी उलट आहे. ‘वाद’ या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळवून द्यायचा असेल, तर त्याचा आरंभ स्पर्धेच्या व्यासपीठावरून नव्हे, वर्गातूनच व्हावा लागेल.