‘अवलाद’ आणि ‘थडी’ : अश्ववंशविषयक मराठी परिभाषेचा विचार

अरबी घोड्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात एक पारिभाषिक घोटाळा वारंवार आढळतो. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याची वंशावळ प्राधान्याने नराकडून मोजतात; आज त्यांतील प्रत्येकाची पितृपरंपरा डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन व बायर्ली टर्क या तिघांपैकी एकापाशी पोहोचते. हीच रीत मराठी लेखक अरबांवरही लादतात. वस्तुतः बेदुईन टोळ्या घोड्याचे कूळ घोडीकडून सांगत. ‘कुहैलान’, ‘सकलावी’ ही नावे मातृपरंपरेची होत. त्यांचे भाषांतर ‘अमक्या नराची अवलाद’ असे करणे हा अर्थाचा विपर्यासच होय. (खुद्द ‘अवलाद’ हे अरबी अनेकवचन, मराठीने ते एकवचनी व स्त्रीलिंगी करून घेतले, हा भाग निराळा.)

मराठीची स्वतःची रीत याहून वेगळी आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत भीमेच्या खोऱ्यात अरबी व तुर्की घोड्यांचा स्थानिक तट्टांशी संकर होऊन जे जनावर निपजले, त्याला नाव मिळाले ते ना नराचे, ना घोडीचे, नदीच्या थडीचे. राजा बढे यांच्या, 2023 साली राज्यगीत ठरलेल्या गीतात हीच तट्टे येतात. तेथे ‘तट्टू’ हा लघुत्वदर्शक शब्द राखण्यात कवीने मोठा विवेक दाखविला आहे. ‘अश्व’ योजला असता, तर मुलूख लोपून केवळ शोभा उरली असती. उलट गद्यलेखक भीमथडीचा गौरव करू लागले, की ‘अरबी रक्ता’चाच दाखला देतात, आणि डोंगरवाटा तुडविणाऱ्या देशी घोडीचा वाटा अनुल्लेखित राहतो.