पुढच्या पान्यासाठी

जुनी गाडी रंगवून उभी केली की पाहणाऱ्याची नजर आधी तिच्या चकाकीवर जाते. जाणकार मात्र वाकून खाली बघतो. आम्ही राहतो त्या मिशिगनमधल्या गल्लीत एका निवृत्त गृहस्थांनी घरच्या गॅरेजात १९५० सालची शेव्हरोले ३१०० उभी केली आहे. अर्ध्या टनाची पिकअप, गडद हिरवा रंग, दोन भागांत विभागलेली पुढची काच, पाच आडव्या पट्ट्यांची जाळी. ही मालिका १९४७ मध्ये बाजारात आली आणि अमेरिकेतल्या शेता-दुकानांच्या दारात वर्षानुवर्षं राबली. चकाकी या गाडीलाही आहे. पण मला तिच्याकडे ओढून नेतो तो तिच्यातला एक अबोल नियम. इथलं प्रत्येक काम उद्या दुसऱ्या कुणाला सहज खोलता यावं, अशा बेतानं केलेलं आहे.

सुरुवात पत्र्यापासून करू. या गाड्या सगळ्यात आधी सडतात त्या कॅबच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत. तिथे चिखल साचतो, ओल राहते आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ उरलेलं काम करतं. वरून लांबी थापून रंग मारला की कोपरा दोन वर्षं गुळगुळीत दिसतो आणि आतून गंजतच राहतो. इथे सडका पत्रा पार चकचकीत धातू लागेपर्यंत कापून काढला आहे. नवा तुकडा जुन्यावर चढवलेला नाही, कडेला कड भिडवून बसवला आहे, कारण चढवलेल्या पत्र्याच्या फटीत पाणी मुरतं. वेल्डिंगचे टाके एका ओळीत न मारता दूरदूर मारले, मधे पत्रा निवू दिला. सलग उष्णता लागली असती तर तो फुगला असता. मग आतून डॉली, म्हणजे टेकू देणारा लोखंडी ठोकळा, धरून बाहेरून हातोडीनं सांधा सपाट केला. बाहेरून हात फिरवा, काही लागत नाही. लोहचुंबक लावा, तो सगळीकडे सारखा चिकटतो, म्हणजे रंगाखाली लांबीचा थर नाही. आतल्या बाजूला मात्र सांधा उघडा ठेवला आहे. उद्याच्या कारागिराला जोड कुठे आहे ते लगेच कळावं म्हणून. एकाच कामात एवढी सफाई आणि एवढा प्रामाणिकपणा क्वचितच बघायला मिळतो.

आता बॉनेट उचला. सहा सिलिंडर एका रांगेत, २१६ घनइंच, आपल्या हिशेबात साधारण साडेतीन लिटर. या इंजिनाची खरी गंमत तळाशी आहे. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला बॅबिट या मऊ मिश्रधातूचं अस्तर ओतलेलं असतं आणि रॉडच्या टोपीखाली कागदासारख्या पातळ शिम असतात. अस्तर झिजलं की एकेक शिम काढायची, टोपी तेवढी वर सरकते आणि बेअरिंग पुन्हा जागेवर येतं. शेजाऱ्यांनी क्रँकवर मऊ प्लास्टिकचा दोरा ठेवला, टोपी ठरल्या ताकदीनं आवळली, पुन्हा सोडली आणि चपटलेल्या दोऱ्याची रुंदी पट्टीवर मोजून फट किती ते वाचलं. पुष्कळ लोक इथे नंतरच्या काळातलं २३५ घनइंचांचं इंजिन बसवतात, आणि हायवेवर रोज धावायचं असेल तर ते शहाणपणाचंच आहे. ही गाडी गावातल्या रस्त्यांवरच फिरते, म्हणून मूळ इंजिन राहिलं. झीज होणारच हे मनाशी धरून आखलेल्या यंत्राला तसाच पुढचा विचार करणारा हात मिळाला आहे.

टायमिंग लावायची पद्धत तर जवळ उभं राहून बघावी अशी. फ्लायव्हीलच्या कडेत पोलादाची एक बारीक गोळी बसवलेली असते आणि हाउसिंगला छोटी खिडकी. टायमिंग लाइटचा झोत त्या खिडकीत पाडला की गरगर फिरणाऱ्या चाकातली ती गोळी काट्यासमोर जागच्या जागी थबकल्यासारखी दिसते. डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला की गोळी केसभर सरकते. शेजाऱ्यांनी तिच्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला आहे, एवढीच त्यांची भर. एवढ्याशा ठिपक्यानं पुढच्या माणसाची शोधाशोध वाचते.

वायरिंगमध्ये परीक्षा कडक आहे, कारण गाडी सहा व्होल्टची. तेवढ्याच वॅटसाठी बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. बॅटरीची केबल बारीक असली किंवा अर्थिंगच्या जागी रंगाचा पापुद्रा राहिला की सेल्फ कण्हतो, आणि लोक वैतागून बारा व्होल्टवर जातात. इथे केबल मूळ जाडीचीच आहे आणि अर्थिंगच्या प्रत्येक बोल्टखाली रंग नाण्याएवढा खरवडून धातू उघडा केला आहे. नव्या वायरींवर जुन्यासारखंच सुती वेष्टण आहे आणि मूळ नकाशातले रंग जसेच्या तसे. जमिनीवरचं सेल्फचं पेडल पायानं दाबलं की इंजिन सावकाश, पण न अडखळता फिरतं. दोष व्होल्टेजचा नव्हता, सांध्यांचा होता, हे ती एकच सुरुवात सिद्ध करते.

मागचा हौदा बघा. प्रदर्शनातल्या गाड्यांत तिथे व्हार्निश मारलेला ओक झळकतो. दिसतो सुंदर, पण कारखान्यातून या गाड्या निघत त्या रंगवलेल्या पाइनच्या फळ्या घेऊन. इथेही पाइनच आहे, काळ्या रंगाचा. फळ्यांची टोकं बसवण्याआधी रंगात मुरवलेली, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. दोन फळ्यांमधल्या पोलादी पट्ट्या गोल डोक्याच्या बोल्टांनी धरलेल्या, आणि एक फळी कुजली तर शेजारच्या फळीला धक्का न लावता ती काढता येते. ओकचा मोह टाळून हौद्याला पुन्हा ओझं वाहायच्या लायक केलं, याचं मला फार मोल वाटतं.

म्हणून जुनी गाडी पारखायची तर बोल्टांची डोकी बघा. चुकीच्या पान्यानं ती गोल झिजतात, घाईत आवळली की आटे मरतात. या पिकअपवरच्या बोल्टांच्या सहाही कडा शाबूत आहेत आणि आट्यांवर न गंजण्यासाठी लावलेल्या लेपाचा पातळ हात आहे. तीसेक वर्षांनी कुणी अनोळखी मेकॅनिक इथे पाना लावील आणि बोल्ट पहिल्या झटक्यात सुटेल. ज्याला आपण कधी भेटणार नाही त्याच्यासाठी घेतलेले हे कष्ट हीच या कामातली सर्वांत मोठी कारागिरी.